घरघंटीचे सात महिने

आमच्या ह्यांची दाढ दुखायला लागली म्हणून आमच्या घरात घरघंटी आली. ऐकायला विचित्र वाटेल, पण क्रम असाच आहे. ऑगस्टमध्ये दाढ काढायला गेले, तर दातांच्या डॉक्टरांनी आधी साखर तपासून या म्हणून परत पाठवलं. उपाशीपोटी १८७. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ९.१. साडेसहाला मधुमेहाची वेस असते. आम्ही ती कधीच ओलांडून पुढच्या गावात मुक्काम ठोकला होता आणि कुणाला पत्ताच नव्हता. वय ५१, कोर्टासमोर झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान, सकाळी दहा ते रात्री आठ एका खुर्चीवर. डॉक्टरांनी साखरेसाठी मेटफॉर्मिनची गोळी दिली, दोन वेळा, जेवणासोबत. आणि "खाण्यापिण्याचं घरी बघा" म्हणाले. घरी बघा म्हणजे मी बघा.

मी एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहिते. सोलापुरात हे काम करणाऱ्या बायका खंडीभर आहेत, त्यात मी एक. त्यामुळे जे काही करायचं ते वहीत लिहूनच. पुढचे सगळे आकडे त्या वहीतले आहेत.

साखर निघाली हे कळल्यावर पहिल्या आठवड्यात सल्ल्यांचा पाऊस पडला. जांभळाच्या बिया, कारल्याचा रस, मेथीदाणे, भेंडीचं पाणी. पण एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी सारखं होतं: "गहू बंद, ज्वारी सुरू." जाऊबाईंनी त्यात भर घातली, "आणि पीठ घरचं पाहिजे हां. गिरणीत काय, आधीच्याचा गहू, तुझी ज्वारी, सगळं एकत्र." त्यांच्याकडे चार वर्षांपासून घरघंटी आहे. मग एका रविवारी आम्ही दोघं दुकानात गेलो.

दुकानाचं आणि मशीनचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या मशिनी आतून बऱ्याचशा सारख्याच असतात आणि माझं भांडण आहे ते दुकानदाराशी. भिंतीवर मोठा फलक: बीपी, शुगर, गॅस, सांधेदुखी, सगळ्यांवर उपाय घरचं पीठ. विकणारा मुलगा तिशीतला, बोलायला गोड. "काका, तीन महिन्यांत गोळ्या सुटतात बघा. आमची कितीतरी गिऱ्हाइकं आहेत." मी ह्यांच्याकडे पाहिलं. दाढेच्या दिवसापासून उतरलेला चेहरा पहिल्यांदा जरा उजळला होता. त्या एका वाक्यासाठी आम्ही साडेअठरा हजार मोजले. मशीन नंतर बघितलं.

आता मशीनबद्दल. एक एचपीची मोटर, वर धान्याचा हॉपर, मध्ये दळणाची पेटी, खाली पिठाचा डबा. गिरणीसारखे दगड यात नसतात. लोखंडी पाती फिरतात, दाणा आपटून आपटून फोडतात आणि तो जाळीच्या भोकातून जाण्याइतका बारीक झाला की खाली पडतो. म्हणून पीठ किती बारीक-जाड हवं ते जाळी बदलून ठरवायचं. आमच्यासोबत सात जाळ्या असं पावतीवर लिहिलं होतं. घरी पेटी उघडली तर सहा. नसलेली सातवी म्हणजे सगळ्यात मोठ्या भोकांची, भरड्याची. फोन केला. "पुढच्या लॉटमध्ये येईल ताई, डेमोच्या वेळी देतो." डेमोवाला आला अकरा दिवसांनी, हात हलवत.

आवाज मिक्सरसारखा, पण मिक्सर दोन मिनिटांत थांबतो, हे बराच वेळ चालतं. सासूबाईंच्या मालिकेच्या वेळी लावायची सोय नाही. फरशीवर थरथरत पुढे सरकायचं, म्हणून खाली जुनी सोलापुरी चादर चौघडी घालून ठेवली, आता गप्प उभं राहतं. दार नीट लागलं नसेल तर सुरूच होत नाही, ते चांगलं आहे. पीठ गरम निघतं. पहिल्यांदा मी तसंच डब्यात भरून झाकण लावलं, दुसऱ्या दिवशी झाकणाला आतून घाम. पीठ आधी परातीत पसरून गार करायचं, मग भरायचं. आणि दर वेळी ब्रशनं कोपरे झाडायचे, नाहीतर पावसाळ्यात आत पोरकिडे संसार थाटतात. हे काम डेमोत दोन मिनिटांचं दिसतं. घरी वीस मिनिटं लागतात.

खर्चाचं एकदाच सांगते, मग तो विषय बंद. आमचं महिन्याचं दळण १४ किलो. गिरणीत किलोला ८ रुपये, म्हणजे ११२. घरघंटीला तासाला पाऊण युनिट वीज, महिन्याला दोन तास, धरा १५ रुपये. वाचले ९७. साडेअठरा हजार वसूल व्हायला जवळजवळ सोळा वर्षं. दळणाचे पैसे वाचवायला कुणी घेत असेल तर घेऊ नका.

पीठ मात्र चांगलं निघतं, हे मान्य करते. भाकरीला ताज्या पिठाची जी विरी लागते ती इथे हमखास मिळते. गिरणीतून आठ-दहा किलो एकदम आणलं की शेवटच्या आठवड्यात विरी गेलेली असते, भाकरी थापताना कडेला चिरा पडतात, मग बाई उकड काढत बसते. आता मी दर चार दिवसांनी दीड किलो दळते. सासूबाई पहिल्या भाकरीचा तुकडा मोडून म्हणाल्या, "जात्यावरच्यासारखी नाही, पण गिरणीपेक्षा बरी." त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुरस्कारच.

ज्वारी आम्ही मंगळवेढ्याचीच घेतो, मालदांडी. तिला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्याचा एक किस्सा झाला. हे बाजारातून पोतं घेऊन आले आणि त्यावरचा शिक्का मला दाखवतात, "बघ, छापलंय. जीआय ज्वारी. म्हणजे साखर वाढत नाही." जीआय म्हणजे ज्योग्रॅफिकल इंडिकेशन हे मी सांगितलं तर विश्वास बसेना. डॉक्टर ज्या जीआयबद्दल बोलतात तो ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे खाल्लेलं किती लवकर साखर होऊन रक्तात उतरतं त्याचं माप. पोत्यावरचा शिक्का फक्त गाव सांगतो.

आता खरी गोष्ट. मशीन आल्यानंतर तीन आठवडे घरात गहू बंद. ह्यांना रात्री दोन भाकऱ्या, भाजी, आमटी, शेंगाचटणी. सगळे खूश. मग मी ग्लुकोमीटरवर दोन तासांनंतरची साखर घ्यायला लागले. पहिल्या घासापासून दोन तास मोजायचे, जेवण संपल्यापासून नाही, हे मला पॅथॉलॉजीतल्या बाईंनी शिकवलं. आणि मीटरचा एक आकडा म्हणजे ब्रह्मवाक्य नाही. शंभराच्या वरच्या आकड्यात पंधरा टक्के इकडंतिकडं हे त्याच्या मानकातच बसतं, म्हणून प्रत्येक जेवण तीन वेगवेगळ्या दिवशी मोजलं आणि मधला आकडा धरला. एकदा एकदम ३०४ आला, माझ्या पोटात गोळा. नंतर कळलं, हे गुळाचा खडा फोडून तसेच बोट पुढे करून बसले होते. हात धुऊन पुन्हा घेतली तर १७९. तेव्हापासून साबण लावून, हात कोरडे करून, मगच सुई, आणि तीही बोटाच्या कडेला.

तर आकडे. पूर्वीच्या सवयीनं तीन चपात्या: २१४. दोन ज्वारीच्या भाकऱ्या, घरच्या घरघंटीतल्या, ताज्या पिठाच्या: २६२.

मी वही मिटून बसले. पुन्हा घेतली, २५५. साडेअठरा हजार घालून साखर वाढवली की काय आपण? रात्री झोप नाही. दुसऱ्या दिवशी पिठाचा काटा काढला, तोच डिजिटल, जो दिवाळीच्या चिवड्याला वापरते. एका चपातीचं पीठ ३५ ग्रॅम. माझी एक भाकरी, जी मी पंचवीस वर्षं डोळ्यांच्या अंदाजानं थापतेय, ती ९५ ग्रॅम. दोन भाकऱ्या म्हणजे १९० ग्रॅम पीठ. तीन चपात्या म्हणजे १०५. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०१७ चा तक्ता आहे, त्यात शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे ६८ ग्रॅम पिष्ट, म्हणजे कर्बोदकं, आहे, गव्हाच्या पिठात ६४. म्हणजे दोघीही बहिणी. मी ह्यांना जवळजवळ दुप्पट पिष्ट वाढत होते आणि वर ज्वारी म्हणून पाठ थोपटून घेत होते.

हे लिहायचं कारण, मी नंतर कारखान्यातल्या सहा जणींना आपापली भाकरी तोलायला लावली. सगळ्यात हलकी निघाली ७० ग्रॅमची, सगळ्यात जड १२०. तेव्हा "दोन भाकऱ्या खातो" यात काही अर्थ नाही. कुणाच्या दोन?

मग सुरू झाली भाकरी बारीक करायची तालीम. ५५ ग्रॅमची भाकरी थापणं हे खायचं काम नाही. पातळ झाली की परातीतून तव्यावर जाताना फाटते. सासूबाई ७८ वर्षांच्या, हातांत आता जोर नाही, पण त्यांनी एकदा बसून दाखवलं: पाणी कडकडीत हवं, पीठ मळहातानं रगडायचं, आणि थापताना भाकरी फिरवायची, हात नाही. त्यांची पन्नास ग्रॅमची भाकरी ताटाएवढी झाली. तीच मंद आचेवर वाळवली की आपली कडक भाकरी. कडक भाकरीचा एक गुण म्हणजे चावावी लागते, तेवढ्यात पोट भरतं. एक दोषही आहे. पापडासारखी वाटते म्हणून माणूस चार खातो. मी मोजून दोन ठेवते आणि डबा वरच्या फळीवर.

एक ५५ ग्रॅमची भाकरी, वाटीभर मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर, ताक: १७१. ताट तेच, पण कोशिंबीर आणि उसळ आधी संपवायची आणि भाकरी नंतर: १५२. हे मला आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं होतं, मी मनातल्या मनात हसले होते. आकडा बघून हसू गेलं. जेवल्यावर पंधरा मिनिटं कंबर तलावाच्या बाजूला चक्कर मारून आलो तर आणखी थोडी खाली. एप्रिलमध्ये सोलापुरात रात्री नऊलाही रस्ता तव्यासारखा असतो, तरी जातो.

या सगळ्यात मशीनचा हात किती? खरं सांगायचं तर, भाकरी लहान करायला घरघंटी लागत नाही, काटा लागतो. पण दोन-तीन ठिकाणी तिनं खरोखर साथ दिली.

पहिलं, हुलगे. भाजलेल्या हुलग्याचं पीठ अर्धा किलो गिरणीत दळायला नेलं की गिरणीवाला आपल्याकडे असं बघतो की आपण त्याच्या वेळेची चोरी केली. आणि दळलं तरी आधीच्याचा पावशेर गहू त्यात येतोच. घरी अर्धा किलो हुलगे दहा मिनिटांत. त्याचं माडगं करते: पीठ ताकात कालवून, जिरं-लसूण-हिरव्या मिरचीची फोडणी, पातळसर. गूळ नाही. संध्याकाळी पाच वाजता थर्मासमधून दुकानावर पाठवते, कारण पाचला कोर्ट सुटतं आणि समोरच्या गाड्यावर भजी निघतात. पहिल्या आठवड्यात थर्मास भरलेला परत आला. दुसऱ्यात अर्धा. आता दुकानातला पोरगाही कप पुढे करतो. शिवाय आठवड्यातून एकदा हुलग्याचे शेंगोळे, त्या दिवशी भाकरी नाहीच. शेंगोळ्यांच्या रात्री १४८ च्या आसपास येते.

दुसरं, हरभऱ्याची डाळ. डीलरनं एक छापील कागद दिला होता, "मधुमेही आटा": गहू, ज्वारी, नाचणी, सोयाबीन, हरभरा, मेथी, आणखी काय काय, नऊ जिन्नस. एकदा केला. मेथीनं चपाती इतकी कडू की मुलगी पुण्याहून आली होती, तिनं पहिला घास घेऊन विचारलं, "आई, पप्पांना शिक्षा आहे का?" कागद फाडला. आता किलोभर गव्हात ४०० ग्रॅम हरभरा डाळ, एक जाळी जाडसर. पिष्ट फार कमी होत नाही, शंभरात पाचेक ग्रॅम. पण प्रथिनं वाढतात आणि चपाती पोटाला अशी बसते की तिसरी मागत नाहीत. फरक त्या न मागितलेल्या तिसऱ्या चपातीचा. आणि गंमत म्हणजे ज्वारी-बेसन-गहू घालून कांदा-कोथिंबिरीचे धपाटे आमच्याकडे आजीच्या आजीपासून होतात. ते नऊ जिन्नसांच्या कागदावर नव्हते.

तिसरं, कण्या. ह्यांचा जीव रात्रीच्या दहीभातात. पूर्ण बंद केला तर माणूस चार दिवसांनी चिडचिडा होतो, मी अनुभवलंय. म्हणून भाताच्या जागी ज्वारीच्या कण्या, ताक घालून. दाणा जितका भरड तितका पचायला वेळ लागतो आणि साखर सावकाश चढते. दहीभाताला २१९ होती, कण्यांना १६३. मात्र हिशेबनिसाच्या प्रामाणिकपणानं सांगते, भात मी तेव्हा मोजला नव्हता, कण्या ६० ग्रॅम मोजून घेतल्या, त्यामुळे ही तुलना सरळ नाही. आणि कण्या काढायला जी भरड जाळी लागते तीच नेमकी आलेली नाही. सहाव्या जाळीतून रवा पडतो. म्हणून साडेअठरा हजारांचं मशीन बाजूला ठेवून मी कण्या मिक्सरमध्ये थांबत-थांबत फिरवते आणि चाळते.

काय जमत नाही तेही ऐका. "सगळं दळतं ताई" यावर जाऊ नका. शेंगदाणे घातले, जाळी तेलानं लिंपली गेली, साफ करायला एक दुपार गेली. जवसाचंही तेच. शेंगाचटणी उखळातच चांगली होते, तिथंच राहू द्या. ओलसर धान्य घातलं तर आत लगदा. पावसाळ्यात ज्वारी आधी तव्यावर जरा शेकून घ्यावी लागते.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि त्याचा मशीनशी काडीचा संबंध नाही. ऑक्टोबर उजाडला, रात्रीची साखर आवाक्यात आली, पण सकाळची उपाशीपोटीची काही केल्या १५० च्या खाली जाईना. मी भाकरी आणखी लहान केली, पन्नासवर आणली. ह्यांचं तोंड लहान झालं, साखर तेवढीच. महिना संपला आणि एक दिवस दुकानाची बिलं लावायला घेतली. त्यात चहावाल्याची चिठ्ठी. महिनाभराची उधारी एकरकमी. "गूळ चहा – १९६ कप."

सुट्ट्या वजा करून २८ दिवस दुकान उघडं होतं. १९६ भागिले २८. सात.

संध्याकाळी मी चिठ्ठी ताटाशेजारी ठेवली. हे बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गुळाचा आहे गं. गुळाचं चालतं ना?" रागवायचं ठरवून बसले होते, पण त्यांना ते खरंच वाटत होतं हे दिसल्यावर राग कुठं ठेवायचा कळेना. साखर सोडलीय म्हणून हा माणूस महिनाभर मनातल्या मनात शाबासकी घेत होता. गूळ म्हणजे बहुतांश साखरच, रंग वेगळा. दोन चमचे धरले तरी सात कपांचे चौदा चमचे, सत्तर ग्रॅम. मी भाकरीतून चाळीस ग्रॅम पीठ काढायला जीव काढत होते आणि तिकडं कपातून सत्तर ग्रॅम गूळ जात होता.

"आणि अहो, मला सांगायचंत तरी." "तू विचारलंस कुठं? तू फक्त पीठ मोजत होतीस." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

चहा एकदम तुटला नाही. आधी दोन चमच्यांचा एक, मग अर्धा, कपही सातावरून चारावर. नोव्हेंबरच्या मध्यापासून बिनसाखरेचा. चहावाला अजून "साहेबांचा फिका" म्हणून ओरडतो, ते ह्यांना आवडत नाही. डिसेंबरात सकाळची साखर १२४ ला आली.

सासूबाईंचा प्रश्न वेगळाच. "माझ्या लेकाला उपाशी मारतीस" हे मी दोनदा ऐकलं. वेगळं ताट, वेगळा डबा असं केलं की घरातला माणूस पाहुणा होतो, हे मला तेव्हा कळलं. मग सगळ्यांनाच तेच. संक्रांतीला शेंगपोळी मात्र केली, का नाही करायची? लहान, तळहाताएवढी. ह्यांनी अर्धी खाल्ली, अर्धी स्वतः होऊन आईच्या ताटात सरकवली. गड्ड्याच्या जत्रेतून येताना हातात काही नव्हतं, खिशात होतं का ते मी बघितलं नाही. नणंदेच्या शेतावर हुरड्याला गेलो तेव्हा मात्र धीर सुटला. हुरडा गोड असतो, कोवळी ज्वारी ती, आणि शेंगाचटणीबरोबर किती गेला याचा हिशेब राहत नाही. २४३. वहीत लाल पेननं लिहिलंय. पुढच्या हिवाळ्यात वाटी घेऊन जाणार आहे.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे सांगते. आमच्या शेजारच्या काकूंनी माझं बघून त्यांच्या यजमानांचं जेवण असंच एकदम निम्मं केलं. त्यांना ग्लिमेपिराइडची गोळी होती, जी जेवण कमी झालं तरी साखर उतरवतच राहते. दुपारी अकरा-साडेअकराला दरदरून घाम, हात थरथर, मीटरवर ५८. सत्तरच्या खाली म्हणजे धोका. साखरपाणी पाजलं म्हणून निभावलं. ह्यांना एकटी मेटफॉर्मिन आहे, तिच्यानं सहसा असं होत नाही. तुमच्या घरात कुठली गोळी आहे ते डॉक्टरांना विचारा, ताट बदलणार आहात हे आधी सांगा, मग काटा बाहेर काढा.

एचबीएवनसी नोव्हेंबरअखेर ७.८ होती, फेब्रुवारीअखेर ६.९. वजन ८१ चं ७६. दाढ केव्हाच काढून झाली. गोळ्या सुटल्या नाहीत, डॉक्टरांनी मात्रा तीच ठेवलीय आणि "छान चाललंय, असंच चालू द्या" म्हणाले. त्या विकणाऱ्या मुलाला मी हे सांगायला गेले होते. तो म्हणाला, "बघा ताई, मशीनचा गुण." मी काही बोलले नाही, जाळीचं विचारलं.

तर घ्यावी का घरघंटी? रोज भाकरी होणारं घर असेल, हुलगे-मूग-डाळी असं थोडं-थोडं दळायचं असेल, ठेवायला जागा आणि झाडायला वेळ असेल तर घ्या, उपयोगी आहे. घरात कुणाला नवीन साखर निघाली म्हणून घाबरून घेत असाल तर थांबा. आधी सहाशे रुपयांचा काटा आणि मीटरच्या पट्ट्या घ्या, पंधरा दिवस नेहमीचंच जेवण तोलून-मोजून बघा, आणि चहावाल्याची चिठ्ठी मागा. मशीनला मी पाचात साडेतीन देईन. दुकानदाराला एक, तोही चहा बिनसाखरेचा पाजला म्हणून.

हल्ली रविवारचं दळण हेच करतात. लुंगी गुंडाळून स्टुलावर बसतात, काट्यावर डाळ तोलतात, चारशेच्या जागी ४०३ झाली तर तीन दाणे-चार दाणे काढत बसतात. मी आतून हाक मारते, "अहो, पीठ गार होऊ द्या आधी." ते म्हणतात, "कळतं गं." मग पिठानं पांढऱ्या झालेल्या बोटांनी दुकानदाराला फोन लावतात. सातवी जाळी या आठवड्यात येणार आहे म्हणे.